हळद, बेदाणा, शाळू, हरभरा : साठवणीतले बारके भुंगेरे ओळखायचे कसे

सांगली जिल्ह्यातल्या साठवणीच्या मालात सापडणारे बहुतेक भुंगेरे दीड ते चार मि.मी. लांबीचे असतात. रंग सगळ्यांचा तपकिरी, तांबूस नाहीतर काळपट. त्यामुळे शाळूच्या पोत्यातला, हळकुंडातला आणि तुरीतला किडा नुसत्या डोळ्यांना सारखाच दिसतो आणि सगळ्यांवर एकच इलाज केला जातो. पण यातला एक दाण्याच्या पोटात वाढतो, दुसरा फक्त पिठावर आणि चुरीवर जगतो, तर तिसरा माल दमट आहे एवढेच सांगायला आलेला असतो. नाव बरोबर लागले की पुढचे निम्मे काम सोपे होते.

नवख्या माणसाने सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी धरावी. रंग आणि लांबी शेवटी पाहायची. आधी डोके कुठे आहे ते बघा, मग मिशा, मग पंखांचे टोक. हा क्रम सोडला की चूक ठरलेलीच.

सामान

दहा पट दाखवणारे भिंग घ्या. सोनार वापरतात ते घडीचे भिंग चालते. अशी भिंगे सराफ कट्ट्याच्या आसपास किंवा शाळा-कॉलेजचे प्रयोगशाळा साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. वीस-तीस पट दाखवणारी स्वस्त भिंगे विकत घेऊ नयेत. त्यांच्या कडा धूसर दिसतात आणि उजेड पुरत नाही. पुढे हौस वाढली तर तीस पटीचा दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक घ्यावा. मधल्या पायरीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

बाकीचे सामान असे: दोन मि.मी. छिद्रांची चाळण, पांढरी इनॅमलची ताटली, शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश, आलेख कागद, बारीक टाचणी किंवा काडीला चिकटवलेली सुई, इंजेक्शनच्या रिकाम्या धुतलेल्या बाटल्या आणि शिसपेन्सिल. नमुने ठेवायला ७० टक्के अल्कोहोल लागते. बाटलीवर ९५ टक्के लिहिले असेल तर तीन भाग अल्कोहोलात एक भाग पाणी घाला. हात धुण्याचे जेल वापरू नका. किडा चिकट होतो आणि त्याच्या अंगावरची लव बसून जाते. ही लवच पुढे कामाची असते.

नमुना कसा घ्यायचा

पोत्याच्या तोंडाशी दिसलेले दोन किडे म्हणजे नमुना नव्हे. काही भुंगेरे वर चढतात, काही तळाशी आणि शिवणीत बसतात. पोत्यात खुपसायची टोकदार नळी घेऊन वरून, मधून आणि तळातून माल काढा आणि सगळा मिळून किलोभर करा. तो चाळणीवर घेऊन मिनिटभर हलवा. खाली पडलेली चुरी ताटलीत पातळ पसरा आणि ताटली पाच मिनिटे कोवळ्या उन्हात ठेवा. हिवाळ्यात सकाळी हे केलेच पाहिजे, कारण थंडीत भुंगेरे निपचित पडतात आणि चुरीत मिसळून जातात. ऊब लागली की चालायला लागतात.

चाळणीवर राहिलेला मालही बघा. कडधान्यातला भुंगेरा रुंद असतो, तो दोन मि.मी.च्या छिद्रातून बहुधा खाली पडत नाही. बेदाणा चाळून काही मिळत नाही. तो पांढऱ्या कागदावर मूठमूठ टाकून झटकावा आणि एकमेकांना चिकटलेले मणी सुटे करून बघावेत. हळकुंड मोडून बघावे. वरून एखादे छिद्र दिसते, आत मात्र पिवळी भुकटी भरलेली असते.

दाण्याच्या आतली कीड चाळून कळतच नाही. त्यासाठी अर्धा किलो धान्य बरणीत घालून तोंडाला फडके बांधा आणि पाच-सहा आठवडे घरातल्या उबदार जागी ठेवा. आत अळ्या असतील तर तेवढ्या काळात नवे भुंगेरे बाहेर येतात. आज चाळून स्वच्छ केलेल्या शाळूत महिन्याने पुन्हा सोंडे दिसतात ते याच कारणाने.

पकडलेले किडे मारायला डबी तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. चिरडून किंवा उकळत्या पाण्यात टाकून मारले की मिशा तुटतात, आणि मिशा तुटल्या की नाव हातचे गेले.

आधी भुंगेरा आहे का ते बघा

पाठीवर दोन टणक झाकणे असतात आणि ती मधोमध सरळ रेषेत मिळतात. हे कवचपंख दिसले तर भुंगेरा. एक मि.मी.चा, मऊ, फिकट, तुरुतुरु पळणारा किडा दिसला तर तो जुन्या वह्या-पुस्तकांतही असणारा बुरशी खाणारा किडा आहे, भुंगेरा नव्हे. बारीक कमरेचे, पारदर्शक पंखांचे, काळसर चिलटासारखे दिसणारे किडे सापडले तर त्या गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या परोपजीवी माश्या. दाण्यातल्या अळ्यांवर त्या अंडी घालतात. त्यांचीही नोंद करा. त्या आहेत याचा अर्थ आत खाण्याजोग्या अळ्या आहेत.

आता भुंगेरा पालथा, मग उताणा आणि मग कुशीवर ठेवून बघायचा. डोके आणि कवचपंख यांच्या मधल्या टणक भागाला पुढे आपण 'ढाल' म्हणू.

डोक्याला सोंड आहे का?

कुशीवर ठेवल्यावर डोक्यापुढे लांब, खाली वळलेली सोंड दिसली आणि मिशा कोपरासारख्या मोडलेल्या असल्या, तर तो सोंडकिडा, म्हणजे सायटोफिलस. शाळू, गहू, तांदूळ, मका यांत हाच सर्वांत जास्त सापडतो. ढालीवर गोल खळग्यांची दाटी असते आणि कवचपंखांवर चार फिकट तांबूस ठिपके. मादी दाण्याला सोंडेने भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवते. अळीला पाय नसतात. ती दाण्यातच वाढते आणि दाण्यातच कोष करते.

सायटोफिलसच्या ओरायझी आणि झियामेस या दोन जाती वेगळ्या करताना इथे अडायला होते. झियामेस थोडा मोठा आणि ठिपके जास्त ठळक, असे लिहिलेले सापडते. त्यावर विसंबू नये. बारक्या दाण्यात वाढलेला भुंगेरा बारकाच होतो. शाळूतला आणि मक्यातला एकाच जातीचा किडा शेजारी ठेवला तरी आकारात फरक दिसतो. खात्री नराच्या जननेंद्रियावरूनच होते: वरची बाजू गुळगुळीत फुगीर असेल तर ओरायझी, तिच्यावर दोन लांबट खाचा असतील तर झियामेस. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली आणि सरावाने करायचे. तोवर चिठ्ठीवर 'सायटोफिलस, जात ठरली नाही' असे लिहिणे हेच शास्त्र. ग्रॅनेरियस हा तिसरा भाऊबंद थंड प्रदेशातला. त्याला ठिपके नसतात, ढालीवरचे खळगे लांबट असतात आणि त्याला उडता येत नाही. आपल्याकडे तो सापडला असे वाटले तर आधी स्वतःवर शंका घ्यावी.

चिंचेच्या ढिगात सोंडवाला सापडला तर तो सायटोफिलस लिनियारिस असू शकतो. चिंचोक्यावर जगणारी ती वेगळी जात आहे, तिला ओरायझीत टाकू नये.

वरून पाहिल्यावर डोके दिसतच नाही?

हळदीच्या व्यापाऱ्याने आणि शेतकऱ्याने हा भाग नीट वाचावा.

डोके ढालीखाली लपलेले, अंग दंडगोल, दोन्ही कडा समांतर आणि लांबी रुंदीच्या तिप्पट असेल, तर तो दाणे पोखरणारा ऱ्हायझोपर्था डोमिनिका. ढालीच्या पुढच्या कडेवर कानशीसारखे दाते असतात. मिशांची शेवटची तीन पेरे मोठी आणि सैल. हा लागलेल्या गव्हाखाली पिठाचा ढीग पडतो आणि पोते उघडताच गोडसर कुबट वास येतो. मादी अंडी दाण्याबाहेर घालते, अळी आत शिरते. सोंडकिड्यापेक्षा हा कोरड्या धान्यात जास्त टिकतो. 'धान्य वाळवले आहे, आता काही होत नाही' हा हिशोब याच्यापाशी चुकतो.

डोके लपलेले, पण अंग लंबगोल, फुगीर, कुबड काढल्यासारखे असेल तर दोघांपैकी एक: लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी किंवा स्टेगोबियम पॅनिसियम. पहिला तंबाखूतला म्हणून प्रसिद्ध, दुसरा पाव-बिस्किटांतला. पण हळकुंड, सुंठ, धने, मिरची या सगळ्यांत दोघेही येतात. दोघेही दोन-तीन मि.मी.चे, दोघेही तांबूस तपकिरी, दोघांच्याही अंगावर बारीक लव, आणि हात लागला की दोघेही पाय आखडून मेल्याचे सोंग घेतात. घाईने बघणारा दोघांनाही एकच नाव देतो.

फरक दोन ठिकाणी आहे. पहिला मिशांत. लॅसिओडर्माच्या मिशा बुडापासून टोकापर्यंत सारख्या जाडीच्या आणि करवतीसारख्या दातेरी. स्टेगोबियमच्या मिशांची शेवटची तीन पेरे एकदम लांब-मोठी. दुसरा फरक कवचपंखांवर. लॅसिओडर्माची पाठ बिनरेषांची, स्टेगोबियमच्या पाठीवर खळग्यांच्या लांब ओळी. या ओळी वरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाहीत. मोबाइलचा टॉर्च टेबलाला लागून आडवा धरा आणि भुंगेरा हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात ओळींच्या सावल्या उठतात. संपूर्ण फेरी होऊनही काही उठले नाही तर लॅसिओडर्मा.

मेलेल्या नमुन्यात मिशा डोक्याखाली दुमडलेल्या असतात. तो अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. मग ब्रशने उताणा धरून सुईच्या टोकाने मिशी बाहेर ओढा. सुई मिशीला लावायची नाही, मिशीच्या मागून सरकवायची.

हळदीत तिसराही एक येतो, अरिसेरस फॅसिक्युलेटस. तो तीन ते पाच मि.मी.चा, करड्या-तपकिरी चट्ट्यांचा, लांब मिशांचा असतो आणि त्याचे डोके स्पष्ट दिसते, त्यामुळे वरच्या दोघांशी घोळ होत नाही. सोंडकिड्यांचा नातेवाईक असूनही त्याला लांब सोंड नसते, म्हणून नवखे लोक त्याला भलत्याच गटात टाकतात.

पंख आखूड, पोटाचे टोक उघडे?

तूर, हरभरा, मूग, चवळी, मटकी यांच्या दाण्यांवर पांढरी चिकटलेली टिकली म्हणजे अंडे, आणि वाटोळे छिद्र म्हणजे भुंगेरा निघून गेलेली जागा. एवढ्यावरूनच कॅलोसोब्रुकस ही प्रजाती ठरते. मादी अंडी दाण्यावर घट्ट चिकटवते, ती धुऊन किंवा पाखडून जात नाहीत.

जात ठरवायला मिशा बघा. चायनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या, मादीच्या दातेरी. मॅक्युलेटसच्या नर-मादी दोघांच्याही मिशा किंचित दातेरी. चायनेन्सिसच्या ढालीवर मागच्या कडेला मधोमध दोन पांढरे उंचवटे शेजारी शेजारी असतात, ते भिंगातून चटकन दिसतात. मॅक्युलेटसच्या कवचपंखांच्या बाजूंना गडद चट्टे असतात. चायनेन्सिसचे नर आणि मादी वेगवेगळ्या बाटल्यांत घालून 'दोन जाती मिळाल्या' असे सांगणे हा ठरलेला घोटाळा. एका नमुन्यातले निदान दहा किडे पाहिल्याशिवाय जातींची संख्या सांगू नये.

भुईमुगाच्या शेंगांत किंवा चिंचेत असाच, पण चार ते सात मि.मी.चा, मागच्या मांड्या फुगलेला भुंगेरा मिळाला तर तो कॅरिडॉन सेरॅटस.

बेदाण्यात आखूड पंखांचा भुंगेरा सापडला तर प्रकरण वेगळे. मिशांच्या टोकाला गोळा असेल तर तो कार्पोफिलस, आंबलेल्या फळांकडे ओढला जाणारा. हेमिप्टेरस जातीत प्रत्येक कवचपंखावर फिकट पिवळे ठिपके असतात. तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या शेडवर हा दिसला तर आधी बाजूला पडलेली कुजकी द्राक्षे आणि ओलसर राहिलेला माल शोधावा.

चपटा आणि डोके उघडे?

यात चार गट.

ढालीच्या दोन्ही कडांना सहा-सहा दाते आणि वर तीन उभे कंगोरे असतील तर ओरायझीफिलस. हा इतका चपटा की पाकिटाच्या दुमडीत शिरतो. बेदाणा, शेवया, रवा, धान्याची चुरी, सगळीकडे सापडतो. सुरिनामेन्सिस आणि मर्केटर यांत फरक करायचा तर डोळ्याच्या मागचा भाग पाहा. तो डोळ्याच्या उभ्या मापाच्या निम्म्याहून जास्त असेल तर सुरिनामेन्सिस, कमी असेल तर मर्केटर. मर्केटरला तेलबिया जास्त मानवतात.

दीड-दोन मि.मी.चा, कागदासारखा चपटा, लांब मिशांचा, ढालीच्या कडेला समांतर बारीक रेघ असलेला तो क्रिप्टोलेस्टेस. जातीपर्यंत जायला नराची गुप्तांगे लागतात, नवख्याने इथेच थांबावे.

तीन-चार मि.मी.चा, तांबडा, गुळगुळीत असेल तर ट्रायबोलियम. पिठाच्या गिरणीत आणि किराणा दुकानात हाच राजा. पीठ गुलाबीसर होऊन उग्र वास मारायला लागले तर याच्या अंगातून निघणाऱ्या क्विनोन रसायनांचा तो परिणाम. कॅस्टेनियम आणि कन्फ्युझम या दोन जाती वेगळ्या करायला उताणा करावा लागतो. खालून पाहताना दोन डोळ्यांमधले अंतर एका डोळ्याच्या रुंदीएवढे असेल तर कॅस्टेनियम, सुमारे तिप्पट असेल तर कन्फ्युझम. मिशाही ताळा देतात: कॅस्टेनियमची शेवटची तीन पेरे एकदम मोठी होतात, कन्फ्युझमची मिशी टोकाकडे हळूहळू जाड होते. कॅस्टेनियम उडतो, कन्फ्युझम उडत नाही.

अख्ख्या, न फुटलेल्या गव्हात फक्त ट्रायबोलियम सापडले तर शोध थांबवू नका. तो बहुतेक करून फुटक्या दाण्यांवर आणि पिठावर जगतो, तेव्हा पीठ पाडणारा दुसरा कुणीतरी त्याच पोत्यात असण्याची शक्यता धरा.

ढालीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर एक-एक गोल गाठ असेल तर तो अहास्वेरस ॲडव्हेना. हा मुख्यतः बुरशी खातो. महापुराचे पाणी शिरलेल्या गोदामात किंवा गळक्या पत्र्याखाली हा सापडला तर किड्यामागे न लागता ओल शोधावी.

लंबगोल आणि केसाळ?

खापरा भुंगेरा, ट्रोगोडर्मा ग्रॅनेरियम. दोन-तीन मि.मी., मादी नराहून मोठी. नुकसान करतात त्या केसाळ अळ्या. त्यांच्या काती पोत्याच्या वरच्या थरात साचतात. उपासमार झाली की या अळ्या भिंतीच्या फटीत शिरून महिनोन्महिने, कधी वर्षांपेक्षाही जास्त काळ पडून राहतात. म्हणूनच कित्येक देशांच्या आयात नियमांत हिचे नाव आहे. निर्यातीच्या मालात अशी अळी सापडली तर भिंगाने अंदाज बांधत बसू नये. या कुळातल्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. नमुना तज्ज्ञाकडेच जावा.

फसगतीच्या जागा

नुकताच कोषातून निघालेला भुंगेरा फिकट पिवळसर असतो आणि काही दिवसांनी गडद होतो. एकाच पोत्यात दोन रंगांचे किडे दिसणे यात विशेष काही नाही. जुन्या नमुन्यांची लव घासून गेलेली असते, अशा वेळी ठिपके आणि चट्टे यांवर भर देऊ नये. अंगावर पीठ बसले की कंगोरे आणि खळगे बुजतात. अल्कोहोलात बुडवून मऊ ब्रशने झाडले की ते दिसतात.

मापातही गडबड होते. एकटा भुंगेरा आलेख कागदावर ठेवून मोजला की पाव-अर्धा मि.मी. सहज चुकतो. दहा भुंगेरे डोक्याला शेपूट लावून एका ओळीत ठेवा, एकूण लांबीला दहाने भागा.

कोण कुठल्या कुळात

हे सगळे कोलिऑप्टेरा गणातल्या पॉलिफॅगा या उपगणातले. सायटोफिलस कर्क्युलिओनिडी कुळात, अरिसेरस अँथ्रिबिडी, ऱ्हायझोपर्था बॉस्ट्रिकिडी, ट्रायबोलियम टेनेब्रिओनिडी, ओरायझीफिलस आणि अहास्वेरस सिल्व्हॅनिडी, क्रिप्टोलेस्टेस लीमोफ्लोइडी, कार्पोफिलस निटिड्युलिडी, ट्रोगोडर्मा डर्मेस्टिडी. ट्रायबोलियमच्या कुळाची खूण पायांत आहे: पुढच्या चार पायांच्या पंजात पाच पेरे, मागच्या दोन पायांच्या पंजात चार. ही खूण दहाच्या भिंगाला दिसत नाही, तिला सूक्ष्मदर्शक हवा.

जुन्या पुस्तकांत दोन ठिकाणी वेगळी नावे भेटतील. कडधान्यातले भुंगेरे पूर्वी ब्रुकिडी या स्वतंत्र कुळात होते, आता ते पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुळातले एक उपकुळ मानतात. लॅसिओडर्मा आणि स्टेगोबियम पूर्वी ॲनोबिडीत होते, आता ते टिनिडीत धरतात. जुने नाव दिसले म्हणून नोंद चुकीची समजू नये, फक्त दोन्ही नावे शेजारी लिहून ठेवावीत.

नोंद आणि पुढे

बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी टाका, बाहेर चिकटवलेली पुसली जाते. शिसपेन्सिलने लिहा, पेनची शाई अल्कोहोलात विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, माल, माल साठवून किती महिने झाले, आणि किलोमागे किती किडे मिळाले एवढे हवेच. नाव खाली लिहा, आणि ते कोणत्या खुणेवरून ठरवले तेही. 'लॅसिओडर्मा, मिशा करवती, पाठीवर रेषा नाहीत' असे लिहिलेली चिठ्ठी चुकीची निघाली तरी दुसऱ्याला दुरुस्त करता येते. नुसते नाव लिहिलेली चिठ्ठी कुणाच्याच उपयोगाची नाही.

अडलेला नमुना तज्ज्ञाला दाखवायचा तर हळदीसाठी कसबे डिग्रजचे संशोधन केंद्र जवळचे आहे. इतर मालासाठी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातला कीटकशास्त्र विभाग. एकच किडा नेऊ नये, निदान दहा न्यावेत, सोबत कीड लागलेल्या मालाची मूठभर पुडी द्यावी.

नाव लागल्यावर इलाजाची घाई होते, तेव्हा एवढे सांगायला हवे: ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात वापरायच्या नाहीत. त्यांचा फॉस्फिन वायू माणसाचा जीव घेतो. गोदामातही ते काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. घरच्या दोन-चार किलो कडधान्यासाठी आठवडाभर फ्रीझर पुरतो. डबा उघडायच्या आधी तो बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटते.